किंमत कोणाची, कुठली आणि कधीची

पाच लिटरचा प्रेशर कुकर घ्यायचा ठरला की हल्ली बहुतेक घरांत आधी मोबाइल हातात येतो. दोन-तीन अ‍ॅप उघडतात, नाव टाकलं जातं आणि पडद्यावर कुकरांची रांग लागते. एकाच कंपनीचा, फोटोत अगदी सारखा दिसणारा कुकर एके ठिकाणी स्वस्त असतो, दुसरीकडे महाग असतो, तिसरीकडे 'सध्या उपलब्ध नाही'. सगळ्यात कमी आकडा पकडला की तुलना झाली, असं वाटणं साहजिक आहे. पण तो आकडा नुसत्या कुकरचा नसतो. अमुक विक्रेत्याने, अमुक पिनकोडवर, अमुक दिवशी, अमुक कार्डावर तो कुकर द्यायची ती किंमत असते. यातली एक गोष्ट हलली की आकडा हलतो, आणि वस्तू 'आहे' की 'नाही' हेही बदलतं. म्हणून ऑनलाइन तुलना करताना आकडा सगळ्यात शेवटी बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी वस्तूच घेऊ. आपल्याकडे कुकर 'लावतात', म्हणजे त्यात डबे लावतात. तळाला पाणी, खालच्या डब्यात डाळ, वरच्या डब्यात तांदूळ, जमलं तर त्यावर बटाटे. त्यामुळे लिटरच्या आकड्याइतकीच आतली उंची आणि तोंडाची रुंदी आपल्याला महत्त्वाची. पाच लिटरचा कुकर उभट मिळतो तसा पसरटही मिळतो. पसरट कुकरात पुलाव, रस्साभाजी छान होते, पण डब्यांची चळत बसत नाही. हॉकिन्सच्या नेहमीच्या कुकरांसारखं झाकण आतून लागत असेल, तर डबा कुकरच्या तोंडातून आत जाईल ना, हे पाहावं लागतं. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापतच नाही; त्याला स्टीलचा खास तळ लागतो. एवढं सगळं वेगळं असूनही विक्रीच्या पानावर हे सारे कुकर एकाच नावाखाली, 'आकार' आणि 'प्रकार' अशा छोट्या चौकटींमध्ये असतात. एक चौकट चुकीची दाबली की पाच लिटरच्या जागी तीन लिटरची किंमत दिसते आणि आपण ती दुसऱ्या अ‍ॅपवरच्या पाच लिटरशी ताडून बघतो. प्रतिक्रियांचंही तेच. खाली दिसणारे हजारो तारे बऱ्याचदा सगळ्या प्रकारांचे मिळून असतात. स्टीलच्या कुकरचं कौतुक वाचून माणूस अ‍ॅल्युमिनियमचा घेतो.

यावर उपाय एकच, मॉडेल क्रमांक. तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा आणि मग प्रत्येक ठिकाणी तोच टाकून शोधावं. टीव्ही, फ्रिज अशा वस्तूंत काही कंपन्या ऑनलाइन विक्रीसाठी थोडी वेगळी मॉडेल काढतात. एखादं अक्षर पुढे-मागे असतं, आणि त्या अक्षरामागे एखादं कमी पोर्ट किंवा कमी वर्षांची वॉरंटी असू शकते. दुकानातल्या टीव्हीपेक्षा ऑनलाइन टीव्ही तीन हजारांनी स्वस्त दिसला, तर पहिला प्रश्न 'दोन्ही टीव्ही एकच आहेत का?' हा हवा.

किराण्यात हाच घोळ वजनाचा होतो. तेल, चहा, पीठ, बिस्किटं अशा कितीतरी वस्तू पूर्वी ठरलेल्या मापांच्या पाकिटांतच विकाव्या लागत. २०२१ मध्ये पाकीटबंद मालाच्या नियमांत दुरुस्ती झाली, ती सक्ती गेली आणि तिच्या जागी पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमत छापण्याचं बंधन आलं. मला हे बंधन फार मोलाचं वाटतं, पण खरेदी करताना तिकडे फार कमी लोक बघतात. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. शेजारची पिशवी ८५० ग्रॅमची आणि सात रुपयांनी स्वस्त असेल, तर स्वस्त कोणती, हे पिशवीच्या किमतीवरून कळणार नाही. ग्रॅमच्या भावावरून लगेच कळेल.

मुळात एकाच वस्तूच्या इतक्या किमती का असाव्यात? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९६१ मध्ये या प्रश्नावर एक निबंध लिहिला. पुढे १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं साधं होतं: भाव विचारत हिंडायला वेळ आणि श्रम लागतात. गिऱ्हाईक चार दुकानांनंतर थांबतं, म्हणून पाचव्या दुकानाला आपला भाव वेगळा ठेवता येतो. इंटरनेट आल्यावर अनेकांना वाटलं की हा खर्च आता शून्यावर येईल आणि सगळीकडे एकच भाव होईल. १९९५ मध्ये अँडरसन कन्सल्टिंगने 'बार्गेनफाइंडर' नावाची एक प्रणाली काढली. गाण्यांच्या एखाद्या सीडीसाठी ती अनेक ऑनलाइन दुकानांतले भाव गोळा करून आणायची. झालं काय, तर काही दुकानांनी तिला दारातच अडवलं. आपला माल केवळ आकड्यावर तोलला जावा, हे त्यांना नको होतं. त्यानंतर वर्षभरात भारतीय अभियंत्यांनी अमेरिकेत 'जंगली' ही कंपनी काढली. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरची माहिती एका जागी मांडणं हे तिचं कसब. १९९८ मध्ये अ‍ॅमेझॉनने ती विकत घेतली. हेच नाव २०१२ मध्ये अ‍ॅमेझॉनने भारतात आणलं, तेही तुलनेचं संकेतस्थळ म्हणून, कारण परकीय कंपनीला इथे स्वतः थेट किरकोळ विक्री करता येत नव्हती. विक्रीचं दालन उघडलं ते जून २०१३ मध्ये.

सगळीकडे एकच भाव मात्र झाला नाही. एरिक ब्रिन्योल्फसन आणि मायकेल स्मिथ यांचा पुस्तकं आणि सीडींच्या किमतींचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ऑनलाइन भाव दुकानांपेक्षा ९ ते १६ टक्क्यांनी कमी निघाले, पण वेगवेगळ्या ऑनलाइन दुकानांमधली तफावत कायमच होती. तफावत टिकवायला विक्रेते काय करतात, हे ग्लेन एलिसन आणि सारा एलिसन या एमआयटीतल्या अर्थशास्त्रज्ञांनी फार बारकाईने दाखवलं. संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्यांची तुलना करणारं 'प्राइसवॉच' नावाचं अमेरिकी संकेतस्थळ होतं. स्वस्तात स्वस्त विक्रेता यादीत सगळ्यात वर. १९९८ च्या सुमारास विक्रेते तिथे मेमरीचा भाव एक डॉलर लिहीत आणि बारीक अक्षरात पोचवण्याचा खर्च चाळीस डॉलर. अखेर संकेतस्थळाला पोचवण्याच्या खर्चावर मर्यादा घालावी लागली. मग विक्रेत्यांनी यादीत वर यायला हलकी मेमरी स्वस्त ठेवली आणि गिऱ्हाईक पानावर आलं की त्याला चांगल्या, महाग मेमरीकडे वळवायला लागले. पंचवीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज आपल्या मोबाइलवर रोज घडते.

कुकर यादीत १,८९९ रुपयांना दिसला असं धरू. पैसे भरायच्या पानापर्यंत जाता जाता त्यात पोचवण्याचा खर्च, हाताळणी शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क, कधी न मागता टाकलेली वाढीव वॉरंटी असे तुकडे जोडले जातात. उलट बाजूने कूपन, ठरावीक बँकेच्या कार्डावरची सवलत, जुन्या वस्तूचा मोबदला वजा होतो. कार्डाच्या सवलतीत दोन अटी असतात: किमान किती रुपयांची खरेदी हवी आणि सवलत जास्तीत जास्त किती. 'दहा टक्के सूट' या ठळक अक्षरांखाली 'कमाल ७५० रुपये' असेल, तर वीस हजारांच्या वस्तूवर ती पावणेचार टक्केच भरते. बिनव्याजी हप्त्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. हल्लीच्या 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याजाइतकी सूट आधी देतात आणि बँक व्याज लावते. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मात्र आपल्या खिशातून जातं. म्हणून तुलना करायची तर प्रत्येक ठिकाणी वस्तू टोपलीत टाकून, आपला पत्ता देऊन, 'पैसे भरा' या बटणाच्या अलीकडचा आकडा कागदावर लिहावा. त्याला पाच मिनिटं जास्त लागतात. त्याच्या आधीचा कुठलाही आकडा तुलनेला घेऊ नये.

हे तुकडे उशिरा दाखवण्याला आता कायदेशीर नाव आहे. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात अशा तेरा युक्त्या सांगितल्या आहेत. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, 'दोनच शिल्लक' अशी खोटी घाई लावणं, जाहिरात असूनही ती साध्या निकालासारखी दाखवणं, हे सगळं त्यात येतं. शेवटची युक्ती तुलनेला सर्वाधिक मारक आहे, कारण शोधाच्या पहिल्या ओळीत आपल्याला दिसतं ते बऱ्याचदा कोणीतरी पैसे देऊन तिथे आणलेलं असतं. 'प्रायोजित' हा शब्द फिकट रंगात कोपऱ्यात असतो. तो शोधायची सवय लावून घ्यावी.

खोडलेल्या आकड्याबद्दल थोडक्यात. तो बहुधा एमआरपी असतो, म्हणजे याहून जास्त घेऊ नये अशी कमाल किंमत. भांडी, गाद्या, बूट यांत बाजारातला चालू भाव तिच्या बराच खाली असतो, त्यामुळे 'साठ टक्के सूट'वरून फारसं काही कळत नाही. वस्तूचा भाव गेल्या काही महिन्यांत कसा वर-खाली झाला, याचा आलेख कीपा, बायहटके यांसारख्या सेवा दाखवतात. सणाच्या सेलमधला भाव ऑगस्टमधल्या भावाइतकाच आहे की खरंच उतरला आहे, हे त्या आलेखावर एका नजरेत कळतं.

आता 'उपलब्ध नाही' या दोन शब्दांकडे येऊ. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. या शब्दांचा अर्थ वस्तू संपली असाच नसतो. कधी ती त्या विक्रेत्याकडे संपलेली असते, दुसऱ्याकडे असते. कधी ती गोदामात पडून असते, पण आपल्या पिनकोडवर पाठवणारं कोणी नसतं. कधी कंपनीने ते मॉडेलच बंद केलेलं असतं आणि पान तेवढं उरलेलं असतं.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावं आणि वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेले पत्ते यांमुळे पत्रं भलतीकडे जात. आपल्याकडच्या वडगावांची आणि पिंपळगावांची संख्या आठवली तरी ती अडचण कळते. त्यांनी सहा आकड्यांत देश बसवला. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा ४. पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन त्या विशिष्ट टपाल कार्यालयाचे. पत्र नेमक्या जागी पोचावं म्हणून केलेली ही रचना आज खासगी कंपन्यांच्या वितरणाचा कणा झाली आहे. ४११ ने सुरू होणाऱ्या पुण्यात उद्या सकाळी मिळणारा फ्रिज ४१६ मधल्या सिंधुदुर्गातल्या एखाद्या गावी 'उपलब्ध नाही' दिसतो, कारण अवजड माल तिथे उतरवणारी आणि बिघडल्यास परत आणणारी यंत्रणा त्या विक्रेत्याकडे नाही. दुबईतून किंवा पुण्यातून गावच्या आई-वडिलांसाठी वस्तू बघणाऱ्यांनी आधी गावाचा पिनकोड टाकावा आणि मगच किमतींकडे वळावं. स्वतःच्या पिनकोडवर केलेली सगळी तुलना तिथे निरुपयोगी ठरू शकते.

माल कुठे ठेवलाय, यावरही खूप अवलंबून असतं. परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठेला स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही. ती फक्त विक्रेते आणि ग्राहक यांची गाठ घालून देते. १ फेब्रुवारी २०१९ पासून हे नियम आणखी कडक झाले. त्यामुळे एकाच कुकरच्या पानामागे दहा विक्रेते असू शकतात. पानावर ठळक दिसतो तो संगणकाने निवडलेला एक. बाकीचे 'इतर विक्रेते' या छोट्या ओळीमागे असतात. ती ओळ मी नेहमी उघडते. ठळक विक्रेता पंजाबातून चार दिवसांनी पाठवणार असतो आणि खालचा, तीस रुपयांनी महाग, भिवंडीच्या गोदामातून उद्याच देणार असतो. एके काळी यंत्रमागांसाठी ओळखलं जाणारं भिवंडी आज मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या गोदामांमुळे पश्चिम भारताच्या वितरणाचं मोठं केंद्र झालं आहे, आणि आपल्याकडे 'उद्या मिळेल' असं दिसतं त्यामागे बऱ्याचदा तिथला माल असतो. क्रोमा, विजय सेल्स यांसारखे विक्रेते मात्र स्वतःचा माल विकतात. त्यांच्या संकेतस्थळावर वस्तू दिसली नाही, तरी जवळच्या दुकानात फोन करून बघावा. शोकेसमध्ये बऱ्याचदा एक तरी असते.

दहा-पंधरा मिनिटांत सामान देणाऱ्या अ‍ॅपचं गणित याहून निराळं. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांचा माल वस्तीतल्या छोट्या गोदामांत असतो. त्यांना डार्क स्टोअर म्हणतात. तिथे ग्राहकाला प्रवेश नसतो. एकेका गोदामाची हद्द दोन-तीन किलोमीटरची. त्यामुळे इथे पिनकोडही पुरत नाही, नकाशावरची खूण लागते. कोथरूडमध्ये रस्त्याच्या एका बाजूला मिळणारा पदार्थ दुसऱ्या बाजूला मिळत नाही, तो याचमुळे. रात्री दहाला संपलेलं दूध सकाळी सहाला परत दिसतं. अशा ठिकाणी 'नाही' याचा अर्थ 'या गोदामात, या घडीला नाही' एवढाच घ्यायचा.

यानंतर प्रश्न येतो विकतंय कोण हा, आणि कुकरच्या बाबतीत तो जिवाशी जोडलेला आहे. दाबाखाली वाफ कोंडणारं हे भांडं आहे. शिट्टी अडकली आणि सेफ्टी व्हॉल्व्ह निकामी असला तर काय होतं, हे सांगायला नको. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते नसलेले कुकर तरीही ऑनलाइन विकले जात होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टविरुद्ध आदेश दिले: अनुक्रमे २,२६५ आणि ५९८ कुकरांच्या ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत द्या आणि प्रत्येकी एक लाख रुपये दंड भरा. कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. मला यातली मुद्द्याची गोष्ट ही वाटते की ते कुकर यादीत इतर कुकरांच्या शेजारीच होते. किमतीच्या क्रमाने लावले, तर असा माल वरच येतो. म्हणून पानावरच्या फोटोत आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक शोधावा. तो क्रमांक 'बीआयएस केअर' या सरकारी अ‍ॅपवर टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे का, ते दिसतं. फोटोत क्रमांक नसेल, तर तो कुकर घेऊ नये, मग भाव काहीही असो.

विक्रेत्याचं नाव, पत्ता, संपर्क क्रमांक आणि मालाचा मूळ देश पानावर दाखवणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक आहे. निकाल कोणत्या निकषांवर वर-खाली लावले जातात, हेही सांगावं लागतं. ती माहिती शोधायला दोन-तीन वेळा खाली सरकावं लागतं, पण ती असते.

आपल्यासाठी तुलना करून देणाऱ्यांबद्दलही दोन गोष्टी सांगायला हव्यात. 'टॉप टेन कुकर' अशा याद्या आणि किंमत-तुलनेची संकेतस्थळं बहुधा दलालीवर चालतात: त्यांच्या दुव्यावरून खरेदी झाली की त्यांना वाटा मिळतो. जे विक्रेते वाटा देत नाहीत, ते यादीत नसण्याची शक्यता मोठी. शोधयंत्रही तटस्थ असतंच असं नाही. जून २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला, कारण शोधाच्या निकालांत ते स्वतःच्या खरेदी-तुलना सेवेला वर आणि स्पर्धकांना खाली ढकलत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो दंड कायम केला. भारतात ओएनडीसी या सरकारी पुढाकाराच्या जाळ्याने वेगळी वाट धरली आहे. दुकानदार एका अ‍ॅपवर नोंदलेला असला, तरी ग्राहकाला तो दुसऱ्या अ‍ॅपवरून सापडावा, अशी त्याची रचना आहे. कल्पना मला मनापासून पटते. गल्लीतला भांडीवाला मोठ्या यादीत दिसायला हवा असेल, तर वाट अशीच असणार.

तोवर भांडीवाल्याला तुलनेत आपणच आणावं. पुण्यात तुळशीबागेत, मुंबईत भुलेश्वरच्या बाजूला किंवा तालुक्याच्या बाजारपेठेत एक फोन किंवा फेरी. तिथे डबा कुकरात घालून बघता येतो. कुकर पंधरा-वीस वर्षं टिकतो, पण त्याची रिंग ठरावीक काळाने बदलावीच लागते आणि ती मॉडेलप्रमाणे वेगळी असते. जो कुकर घेतोय त्याची रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आपल्या गावात मिळतात का, हे विचारून घ्यावं. शंभर रुपये वाचवून घेतलेल्या अनोळखी कुकरच्या रिंगसाठी पुढे दर वर्षी ऑनलाइन हुडकत बसावं लागतं.

खरेदी ठरली की पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा: मॉडेल, विक्रेता, किंमत, परत करण्याची मुदत. 'सात दिवसांत फक्त बदलून' आणि 'सात दिवसांत पैसे परत' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिल विक्रेत्याच्या नावाचं आणि जीएसटी क्रमांकाचं हवं, कारण वॉरंटीसाठी कंपनी तेच मागते. बिघडलं तर आधी बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहावं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. तिथे दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे: ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिला शुल्क लागत नाही.